पोर खुरटलं की घराणंच बुटकं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या उंचीवरचा लेख वाचला. 'उंची ८० टक्के आनुवंशिक असते, तेव्हा पालकांनी उगाच काळजी करू नये' हे वाक्य चौकटीत ठळक छापलं आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या समाजांपुरता तो आकडा बरोबर आहे. त्यातून काढलेला सल्ला मात्र साफ चुकीचा. तो कसा वापरला जातो, हे मी गेल्याच महिन्यात एका अंगणवाडीत पाहिलं. नातवाला घेऊन गेले होते. चारेक वर्षांच्या एका मुलीला पट्टीशी उभं केलं, तक्त्यावर तिचा ठिपका लाल रेघेच्या खाली पडला. मापं घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आईबापच एवढेसे, पोर कुठनं उंच व्हायचं?" आणि पुढच्या पोराला हाक मारली.

त्यांना तरी काय बोल लावायचा! आम्ही शिक्षकांनीच हे पेरून ठेवलंय. उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा वाटाणा मी ३१ वर्षं शिकवला. दुसऱ्या पिढीत ७८७ उंच, २७७ बुटके, फळ्यावर चौकट, की झाली आनुवंशिकता. वाटाण्याच्या त्या जोडीत उंचीचा फरक एकाच जनुकाचा होता आणि उंचपणा बुटकेपणाला पुरता झाकत होता, म्हणून मधलं काही निघालं नाही, हे सांगायचं राहूनच जायचं. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, मग आपल्या वर्गात सगळी मधलीच पोरं कशी?"

उत्तर देण्याऐवजी मी घरून वाघ्या घेवडा आणला. आमच्या कोरेगावचा घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला. गावच्या सोनाराने त्याचा काटा दुपारभर वापरू दिला. मुलांनी एकेक दाणा तोलला आणि वजनाप्रमाणे परीक्षानळ्यांमध्ये टाकला. कडेच्या नळ्यांत दोन-चार दाणे, मधल्या नळ्या गच्च. नळ्या ओळीने उभ्या केल्या तर वरच्या कडेला टेकडी दिसायला लागली. जड दाणे आणि हलके दाणे असे दोन ढीग काही होईनात.

पुढच्या खरिपात आम्ही एकाच झाडाचे सर्वांत जड आणि सर्वांत हलके दाणे शेजारशेजारच्या सरीत लावले. घेवडा स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे एका झाडाचे दाणे वाणाने जवळजवळ सारखेच. मळणी करून तोललं, तर दोन्ही सऱ्यांची सरासरी जवळपास तीच आली. शेंगेतली जागा, ऊन, पाणी यांनी पडलेला फरक पुढच्या पिढीत उतरला नाही. हे मी काही शोधून काढलं नव्हतं. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी घेवड्याच्याच १९ शुद्ध वाणांवर हे करून १९०३ साली छापलं होतं. त्यांच्या सर्वांत जड वाणाचा दाणा सरासरी ६४ शतांश ग्रॅमचा, सर्वांत हलक्याचा ३५. म्हणजे वाणावाणांतला फरक रक्तातला, आणि एका वाणाच्या आतला रानाचा, पाण्याचा. पोत्यात दोन्ही असे मिसळलेले, की एकच दाणा हातात घेऊन त्यातलं काय कशाचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

माणसाच्या उंचीचंही तेच आहे, फक्त गुंता फार मोठा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ५४ लाख माणसांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा डीएनएमध्ये उंचीशी निगडित १२ हजारांवर जागा सापडल्या. बहुतेकींचा वाटा अगदी किरकोळ. युरोपीय वंशाच्या लोकांतला उंचीचा सुमारे ४० टक्के फरक त्यांतून समजतो, इतर वंशांच्या लोकांत सुमारे १० ते २० टक्केच. (बाळाची उंची थुंकीवरून सांगतो म्हणणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं.)

आणि ते '८० टक्के' म्हणजे पाच फुटांतले चार फूट आईबापांचे, असं नव्हे. एका समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, एवढंच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंटिमीटरने उंच झाल्या. तेवढ्यात जनुकं थोडीच बदलतात!

पाच वर्षांखालच्या मुलांबाबत तर 'घराणंच बुटकं' हे कारण फारच लंगडं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे तक्ते काढले, ते सहा देशांतली, नीट खायला मिळालेली, आईचं दूध प्यायलेली मुलं मोजून. त्यांत ओमान, घाना, नॉर्वे होते आणि आपली दिल्लीही. सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढली. अंगणवाडीत मुलं याच मापाने मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं या मापाने खुरटलेली निघाली. त्या मुलीचे आईबाप बुटके असतीलही. पण लहानपणी त्यांच्या ताटात काय पडत होतं, हे कुणी विचारलंय?

ता. क. 'काळजी करू नये' या चौकटीच्या खालीच उंची वाढवणाऱ्या पावडरची जाहिरात होती. दुरुस्ती छापणार असाल, तर तिथेच आणि तेवढ्याच ठळक टायपात छापा. आतल्या पानाच्या तळाला नको.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)