एकाच चित्राच्या चार आवृत्त्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हुकूमशाहीच्या पदरी राहिलेल्या चित्रकारांवर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बहुतेक वेळा एका शब्दात निकाल लागतो : भाट. चीनचे दोंग शीवन (1914–1973) यांच्या बाबतीत हा निकाल फार घाईचा ठरतो, कारण त्यांच्या कारकिर्दीचा सगळा हिशोब एका कॅनव्हासवरच मांडलेला आहे आणि तो वाचता येतो.

1 ऑक्टोबर 1949 रोजी माओंनी बीजिंगमधल्या तिआनानमेन या प्रवेशद्वाराच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा केली, तो क्षण रंगवण्याचे काम दोंग यांना कम्युनिस्ट पक्षाकडून मिळाले. 1953 साली लोकांसमोर आलेले हे तैलचित्र सुमारे 2.3 मीटर उंच आणि 4 मीटर रुंद आहे. दोंग यांनी 1940 च्या दशकात चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रांचा अभ्यास केला होता. चित्रातल्या सपाट, झगझगीत रंगांवर त्याची छाप आहे. माओंच्या उजव्या-डाव्या बाजूंचा समतोल न साधता त्यांनी एक धाडस केले : सज्जाचा एक खांब सरळ गाळून टाकला. त्यामुळे पुढचे मैदान खुले झाले. वास्तू म्हणून ही चूकच, पण स्थापत्यज्ञ लियांग सिचेंग यांनीही चित्राच्या दृष्टीने ती वाखाणली होती. निव्वळ हुकूम पाळणाऱ्याला हे सुचत नाही.

माओंच्या मागे पहिल्या रांगेत नव्या राजवटीतले नेते जू दे, लिउ शाओची, सोंग छिंगलिंग, ली जिशेन, झांग लान आणि अगदी उजव्या टोकाला गाओ गांग उभे होते. 1954 मध्ये गाओ यांची पक्षात गच्छंती झाली व त्यांनी आत्महत्या केली. चित्रातूनही ते गेले. रांगेच्या कडेचा माणूस काढणे त्यातल्या त्यात सोपे असते, कारण त्याच्या मागे दुसऱ्या कुणाचे शरीर नसते. आकाश आणि फुले वाढवून ती जागा बुजवता आली.

माओंनी 1966 मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत लिउ शाओची ‘शत्रू’ ठरले, तेव्हा मात्र अडचण वेगळी होती. ते कडेला नव्हते, रांगेच्या आत होते. तिथला माणूस पुसला की नुसते भोक पडत नाही. शेजाऱ्याच्या झाकलेल्या खांद्याचे काय, मागच्या व्यक्तीच्या कधीच न रंगवलेल्या धडाचे काय, गालिच्यावरच्या सावलीचे काय, असे प्रश्न एकदम उभे राहतात. म्हणून त्या जागी माणूसच लागतो. लिउंच्या जागी दोंग बीवू हे दुसरे पक्षनेते आले. चित्रकार दोंग यांच्या ज्या हातांनी लिउ रंगवले, त्याच हातांना त्यांच्यावर दुसरा चेहरा चढवावा लागला.

हे काम तंत्रदृष्ट्याही क्रूर आहे. वाळलेल्या तैलरंगात जुन्या फटकाऱ्यांचे उंचवटे राहतात. ते खरवडले नाहीत तर तिरप्या उजेडात जुन्या आकृतीची कड नव्या रंगाखालून डोके वर काढते. खरवडावे तर खालचा थर दुखावतो. वरच्या थरात तेल कमी पडले तर तो पुढे तडकतो. ताजा रंग आज शेजारच्या जुन्या रंगाशी तंतोतंत जुळवला, तरी काही वर्षांत तो वेगळ्या गतीने पिवळसर होतो आणि ठिगळ दिसू लागते. शिवाय तैलरंग काळाबरोबर थोडा पारदर्शक होत जातो. झाकलेले पुन्हा जाणवू लागते, ते यामुळे.

1972 मध्ये चित्रातले आणखी एक नेते लिन बोछू यांनाही काढायचे ठरले, तेव्हा दोंग कर्करोगाने आजारी होते. मग जिन शांगयी आणि झाओ यू यांनी लिन यांच्याशिवायची नवी प्रत रंगवली. पुढच्याच वर्षी दोंग वारले. माओंनंतरच्या काळात, 1979 साली, गाळलेली माणसे चित्रात परत आली. पण ती त्या प्रतीवर, आणि दुसऱ्याच चित्रकाराच्या हातून. आपले चित्र पुन्हा पूर्ण झालेले दोंग यांनी पाहिले नाही.

म्हणून विनंती अशी की हे चित्र छापताना नुसते ‘1953’ लिहू नये. ओळखणे अवघड नाही. लिउ आहेत पण गाओ नाहीत, तर ती 1950 च्या दशकाच्या मध्यानंतरची दुरुस्ती. लिउंच्या जागी दोंग बीवू दिसले, तर सांस्कृतिक क्रांतीतली. डावीकडचे पांढऱ्या केसांचे लिन बोछूही नसतील, तर ती 1972 ची प्रत. आणि सगळेच हजर असतील, तर चित्र 1953 चे की 1979 नंतरचे हे छायाचित्राच्या मूळ स्रोतावरून तपासून घ्यावे, आणि चित्राखालच्या ओळीत वर्षासोबत रंगवणाऱ्याचे नावही द्यावे.

आपला,
एक वाचक