शनिवारपासून चौचौ येईल

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

आधी सांगते, मग रागवा. माटुंग्याच्या भाजीवाल्याशी बोलून ठेवलंय. शनिवारपासून दर आठवड्याला चार चौचौ, म्हणजे बटाट्याच्या जागी चालणारी ती हिरवी फळभाजी, दादरला पोचतील आणि बटाटे दोन किलोंऐवजी अर्धा किलोच येतील. पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि त्या "बघू"चं पुढे काय होतं ते आई, तुला ठाऊक आहे.

बाबा, डायबेटिसपायी तुमचा बटाटा तोडताना मला बरं वाटत नाही. पण 100 ग्रॅम बटाट्यात 17 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तर चौचौत जेमतेम साडेचार. उष्मांक 19. सोडियम 2 मिलिग्रॅम, म्हणजे प्रेशरवाल्याला चिंता नाही. चोथा 1.7 ग्रॅम. फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, 93 मायक्रोग्रॅम, इतक्या पाणीदार भाजीत हे पुष्कळच. उकडून पाणी फेकलं तर त्यातलं बरंचसं वाहून जातं, म्हणून अंगच्याच पाण्यात शिजवायचं. आणि बटाट्यासारख्याच फोडी होतात हो, दुधीसारखा लगदा होत नाही. रस्सा, सुकी भाजी, सगळं होतं. उपाशी ठेवणार नाही मी तुम्हाला.

हे औषध नाही पण. डायबेटिसची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बटाटा कमी झाला म्हणून पोळीही कमी करू नका. गोळी घेतलेली असताना पिठूळ खाणं एकदम घटलं तर साखर खाली जाऊ शकते, घाम सुटतो, हात थरथरतात. पहिला आठवडा रोज मीटर लावा आणि आकडा मला कळवा. आकडा चांगला नसला तरी कळवा.

आई, आता तुझ्यासाठी. फळ कडक, फिकट हिरवं, पेरूएवढं हवं. सुरकुतलेलं घ्यायचं नाही. खालची चीर उघडून कोंब डोकावत असेल तर बी आतच रुजायला लागलंय, गर दोरेदार झालेला असणार, ते फळ परत कर. घरात आलं की कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दोन आठवडे छान टिकतं. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी सुटून कुजतं.

सोलताना चीक निघतो. तो वाळला की बोटांवर पापुद्रा धरतो, कातडी ओढल्यासारखी होते. हाताला आधी तेल लाव, नाहीतर नळाच्या धारेखाली सोल. उभे दोन भाग केलेस की मधे एकच चपटी बी दिसेल, टाकू नकोस. तव्यावर थेंबभर तेलात परतून मीठ-तिखट लावलं की बाबांना चहाबरोबर होईल.

भाजी दुधी-चणाडाळीसारखीच. पाव वाटी डाळ तासभर भिजव. मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्त्याची फोडणी, त्यात आधी डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटं. मग दोन चौचौच्या फोडी, झाकणावर पाणी ठेवून आणखी बारा-पंधरा मिनिटं. आमसूल शेवटीच, आंबट आधी पडलं तर डाळ शिजतच नाही. मीठ अर्धा चमचा, तेही उतरवताना. गुळाचा खडा नको, तुझा हात तिकडे जाणार हे माहीत आहे मला, पण हे फळ अंगचंच गोडसर असतं. कुकर लावू नकोस, एका शिट्टीतही फोडी पाणचट होतात. कच्चं किसून दाण्याचं कूट, लिंबू घातलं की कोशिंबीर, आणि कोवळी सालं तीळ-मिरचीबरोबर परतून दोडक्याच्या शिरांसारखी चटणी.

मूळ मेक्सिकोकडचं असलं तरी माटुंग्याच्या तमिळ घरांत कूटू (डाळ घातलेली भाजी) आणि सांबारात ते किती वर्षं शिजतंय. कन्नडमध्ये त्याला सीमे बदनेकाई म्हणतात, परदेशी वांगं, पण घराणं दुधी-काकडीचं. म्हणून आणखी एक, बाबा. सकाळचा तो दुधीचा रस बंद. दुधी कडू निघाला तर त्याच्या रसाने माणसं दगावली आहेत. चौचौचाही रस काढायचा नाही, आणि कारलं सोडून या घराण्यातली कुठलीही भाजी कडू लागली तर घास थुंकून टाकून द्यायची. वाया गेली म्हणून हळहळायचं नाही. मी लहान असताना काकडीचं टोक आधी तुम्हीच चाखून बघायचात ना, मग माझ्या हातात द्यायचात. तसंच.

आई, तुझ्या बोटांना आधीच भेगा आहेत. पहिल्या रविवारी सोलायला मीच येते, तू फक्त डाळ भिजवून ठेव.

तुमची,
धाकटी