सरकारी अर्जावर जावास्क्रिप्टचे ओझे कशाला?

संपादक महोदय,

सरकारी संकेतस्थळ अडले की ‘सर्व्हरवर ताण आला’ असे सांगितले जाते. पण सर्व्हर ठणठणीत असतानाही कोऱ्या पडद्यावर चक्र फिरत राहते, तेव्हा दोष अनेकदा पानाच्या बांधणीत असतो. अर्ज असतो नाव, पत्ता, जन्मतारीख विचारणारा. तो रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे पाने बांधण्याच्या तयार सांगाड्यात, असा बांधतात की सर्व्हरकडून जवळजवळ रिकामे पान येते आणि मागून जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचा, गठ्ठा. तो उतरवायचा, ब्राउझरने वाचायचा, चालवायचा, मग माहिती मागवायची. तेव्हा कुठे पहिला रकाना दिसणार. यातले उतरवण्याचे काम नेटच्या वेगावर अवलंबून, पण वाचण्या-चालवण्याचे काम फोनच्या प्रोसेसरवर. म्हणूनच विकसकाच्या लॅपटॉपवर झटकन उघडणारे पान स्वस्त फोनवर रखडते, नेट चांगले असले तरी. आणि वाटेत एखादी फाइल तुटली, तर पानच दिसत नाही.

ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर मोजणी केली. १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोहोचत नव्हते. त्यांपैकी ०.२ टक्के लोकांनी ते बंद ठेवले होते किंवा त्यांच्या ब्राउझरला ते पेलत नव्हते. उरलेल्या ०.९ टक्क्यांकडे ते चालायला हवे होते, तरी चालले नाही. टक्का किरकोळ वाटेल, पण सरकारी सेवेच्या लाखो अर्जदारांत हीच संख्या हजारोंत जाते, आणि निवृत्तिवेतनाचा अर्ज भरणाऱ्याला दुसरे दुकान नसते! याच विभागाने २०२२ मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी काढून टाकली ती पानामागे सुमारे ३२ किलोबाइट वाचवण्यासाठी. इतकी काटकसर मला रास्त वाटते.

फ्रेमवर्क मुळात वाईट नाहीत. नकाशे, सतत बदलणारे आलेख यांना ते लागतात, आणि त्यांतूनही सर्व्हरवरच तयार एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ मजकूर आणि रचना, बनवून पाठवता येते. साधा एचटीएमएल अर्ज मात्र जावास्क्रिप्टविनाही भरून पाठवता येतो. रकान्यांची तपासणी, सूचना या सोयी त्यावर नंतर चढवता येतात. असे असताना रिकामे पान पाठवण्याचा हट्ट का?

हे निविदेतच लिहायला हवे. पानाच्या वजनाला मर्यादा घाला. जावास्क्रिप्ट बंद ठेवूनही अर्ज दाखल झाला पाहिजे, अशी अट घाला. गूगलच्या निकषानुसार किमान ७५ टक्के भेटींत पानाचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा लागतो. तोच निकष लावा. आणि स्वस्त फोनवर, मंद नेटवर अर्ज शेवटपर्यंत भरून दाखवल्याखेरीज कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नका.

– एक वाचक, व्यवसायाने वेब प्रोग्रॅमर