घड्याळावर एफ-आकडे छापून कॅमेरा मनगटावर येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कॅमेऱ्यावरून सुचलेल्या मनगटी घड्याळांवर आलेला लेख वाचला. लेखाचा सगळा भर दिसण्यावर होता : केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या) कडेला लेन्ससारख्या खाचा, तबकडीवर एफ-आकडे (लेन्सचे तोंड किती उघडे ते सांगणारे), काचेला जांभळट झाक. अशी घड्याळे बाजारात भरपूर आहेत. उघडून पाहिली तर आत तेच मशीन, जे शेजारच्या साध्या घड्याळात असते. कॅमेऱ्याचा गुण घड्याळात उतरवायचा तर तो बोटांना जाणवला पाहिजे. ते करताना काय आडवे येते, एवढेच इथे मांडतो आहोत. तयार मशीन आणून स्वतःचे घड्याळ बनवू पाहणारे तरुण आता आपल्याकडेही आहेत आणि त्यांचे पैसे नेमके याच ठिकाणी बुडतात.

कॅमेरा आणि घड्याळ यांचे नाते नवे नाही. ब्रिटिश संशोधक नोएल पेम्बर्टन बिलिंग यांनी आखलेला ‘कंपास’ हा मुठीत मावणारा कॅमेरा १९३७ साली बाजारात आला. तो बनवला होता ल कूल्त्र या स्विस घड्याळ कारखान्याने. स्वित्झर्लंडमधल्या बालेग गावची पिन्यों ही कंपनी मुळात घड्याळांचे पिनियन (लहान दातेरी चाके) कापायची. अल्पा कॅमेरे तिचेच. आणि यांत्रिक कॅमेऱ्यात शटर (फिल्मवर प्रकाश सोडणारी झडप) एक सेकंदावर लावून दाबले की जो ‘झर्र’ आवाज येतो, तो घड्याळाच्या नातलगाचाच असतो. चाकांची एक लहान रांग, शेवटी मागेपुढे हलणारा, चाकाचे दात अडवत-सोडत राहणारा तुकडा, म्हणजे पॅलेट. फरक इतकाच की तिथे हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाचा झोका नियमित ठेवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग नसते. त्यामुळे वेग ठरतो ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या जोरावर आणि तेलाच्या अवस्थेवर. तेल सुकून घट्ट झाले की एक सेकंदाचे शटर दीड सेकंद रेंगाळते. म्हणून शटरच्या या रचनेवर वेळ चालवता येत नाही. मात्र एखादी हालचाल मुद्दाम हळू करायला ती उत्तम, आणि खाली तिचा उपयोग सांगितला आहे.

यंत्रातून प्रेरणा घेतल्याचे चांगले उदाहरण म्हणजे लायका या कॅमेरा कंपनीचे एल १ घड्याळ. ते २०१८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारला दाखवले गेले. रूप आखिम हाइने यांचे, यंत्र लेमान प्रेत्सिझिऑन या जर्मन कंपनीच्या साथीने केलेले. त्यात वेळ लावायला चावी बाहेर ओढायची नाही, शटरच्या बटणासारखी आत दाबायची. दाबली की घड्याळ थांबते, सेकंदाचा छोटा काटा शून्यावर येतो आणि तबकडीवरचा पांढरा ठिपका लाल होतो. पुन्हा दाबली की चालू. लेन्सचा आकडा कुठेही न छापता कॅमेरा हाताला लागतो, हे त्या घड्याळाचे खरे कसब.

ही सोय नक्कल करायला सोपी वाटते, पण नाही. सेकंदाचा काटा शून्यावर आणायला हृदयाच्या आकाराची चकती, म्हणजे कॅम, आणि त्यावर पडणारा हातोडा लागतो. कॅम सेकंदाच्या चाकाच्या दांड्यावर घट्ट बसवून चालत नाही. मध्ये घसरणारी पकड हवी. पकड सैल असेल तर काटा थरथरतो. घट्ट असेल तर हातोड्याचा धक्का थेट एस्केप व्हीलच्या (चाकांच्या रांगेतल्या शेवटच्या चाकाच्या) दातांवर जातो. क्रमही महत्त्वाचा : आधी बॅलन्स (झोके घेत वेळ मोजणारे चक्र) थांबवणारा लिव्हर, मग हातोडा. उलट झाले की दात झिजतात आणि पहिल्या वर्षात कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय चावी आत-बाहेर सरकते तशी फिरतेही, त्यामुळे तिची रबरी कडी दोन्ही दिशांनी घासते आणि लवकर जाते. ठिपक्याचा रंग बदलणे ही शोभा नाही. बाहीच्या धक्क्याने चावी दाबली गेली तर घड्याळ बंद आहे हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

आता सगळ्यांना हवी असते ती गोष्ट : तबकडीवर उघडमीट होणारा पाकळ्यांचा पडदा, म्हणजे लेन्समधला आयरिस. बहुतेक नमुने इथेच फसतात. कारण पहिला विचार असा येतो की पडदा मशीनलाच जोडू, तो दिवसभर आपोआप उघडेल-मिटेल. हिशेब करून पाहावा. बॅरलला (मुख्य स्प्रिंगच्या डबीला) एक फेरा घ्यायला साधारण सहा-सात तास लागतात, सेकंदाच्या चाकाला एक मिनिट. म्हणजे तिथे पोचेपर्यंत जोर चारेकशे पटींनी विभागला गेलेला असतो. आठ पाकळ्या म्हणजे सोळा खिळे, सोळा ठिकाणी घर्षण, वर पाकळी पाकळीवर घासते ते वेगळेच. चांगल्या स्थितीतले मशीन आडवे ठेवून मोजले तर बॅलन्सचा झोका २७० ते ३०० अंश येतो. पडदा जोडल्यावर तो २२०च्या खाली गेला तर उभ्या स्थितीत आणि दिलेली चावी उतरत आल्यावर वेळ भरवशाची राहत नाही. तेव्हा पडदा हाताने चालवावा, बटणाने, आणि त्याची स्प्रिंग स्वतंत्र असावी.

बसवायचा कुठे? तबकडीच्या मधोमध नको. तिथून काट्यांचे दांडे वर येतात, त्यामुळे पडदा पूर्ण मिटूच शकत नाही. तारखेच्या खिडकीवर बसवणे शहाणपणाचे. पाकळ्या मागे सरकायला जागा लागते, म्हणून कडीचा बाहेरचा व्यास तोंडाच्या साधारण दुप्पट धरावा : ४ मिमीचे तोंड असेल तर ८ ते ९ मिमीची कडी. ४० मिमीच्या घड्याळात ती मधल्या दांड्यांना न अडता बसते. पाकळ्या सहा ते आठ, जाडी ०.०५ मिमी. प्रत्येकीला दोन खिळे : एक तळपट्टीतल्या भोकात, दुसरा फिरणाऱ्या कडीच्या तिरक्या खाचेत. वरून झाकणपट्टी हवीच, आणि तिच्या व पाकळ्यांच्या मध्ये ०.०५ मिमीपेक्षा जास्त मोकळीक नको. जास्त ठेवली की पहिल्याच आपटीत एखादी पाकळी खाचेतून उडते आणि पडदा अडकतो.

तेल अजिबात नको. जुन्या लेन्स उघडणाऱ्या कुणालाही विचारा, पाकळ्यांवर पसरलेले तेल हेच पडदा चिकटण्याचे पहिले कारण असते. पाकळ्या कोरड्याच चालल्या पाहिजेत. कडा घासून गुळगुळीत करा, पृष्ठभाग मंद काळा ठेवा. साधे पोलाद वापरू नये. बॅगांच्या आणि मोबाइलच्या कव्हरांच्या चुंबकांनी ते भारते, पाकळ्या एकमेकींना धरतात आणि जवळच्या हेअरस्प्रिंगवरही परिणाम होतो. फॉस्फर ब्राँझ किंवा बेरिलियम कॉपर बरे.

आता त्या ‘झर्र’ची पाळी. बटण सोडल्यावर पडदा फटकन उघडला तर डोळ्याला तो दिसतच नाही. तीन चाके आणि एक पॅलेट एवढी शटरची रांग मध्ये टाकली तर उघडायला अर्धा सेकंद लागतो आणि तो आवाजही येतो. आमच्या मते संपूर्ण कल्पनेत पैसे खर्चावेत असा हाच भाग आहे. पण आधी पाचपट मोठा नमुना थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्या, खाचेचा कोन त्यावर ठरवा, मग पितळात लहान करा. कोन फार चपटा असेल तर कडी फिरते आणि पाकळ्या अडून बसतात.

याची किंमत जाडीत मोजावी लागते. सेलिटा या स्विस कंपनीचे एसडब्ल्यू २०० मशीन २५.६ मिमी व्यासाचे आणि ४.६ मिमी जाड. पडदा आणि त्याची कडी तबकडीखाली सुमारे १ मिमी खाते. मग काटे वर उचलावे लागतात, त्यासाठी उंच कॅनन पिनियन (मिनिटाचा काटा ज्यावर बसतो ती नळी) आणि तासाचे चाक मागवायचे. हे मशीन निरनिराळ्या उंचीत मिळते, पण ऑर्डर देतानाच सांगावे लागते. सगळा सांगाडा तयार झाल्यावर हे आठवले तर केस पुन्हा कापावी लागते. सायकोचे एनएच ३५ मशीन स्वस्त पडते, मात्र ते मुळातच ५.३ मिमी जाड आहे; त्यावर पडदा चढवला की घड्याळ शर्टाच्या बाहीखाली जात नाही.

पडद्याएवढा खर्च झेपत नसेल त्यांनी फिरती कडी करावी. पण चालणारी. एफ-आकडे १.४ पासून २२ पर्यंत नऊ होतात. शटरचे आकडे एक सेकंदापासून १/१००० पर्यंत अकरा. प्रत्येक पायरीला ३० अंश दिले तर ते तासांच्या खुणांवरच येतात. शटरच्या पट्टीत बारावी जागा उरते, तिथे ‘बी’ (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडे). एफ-आकडे कडीवर, शटर आतल्या स्थिर पट्टीवर. एफ-आकडे उजवीकडे वाढत असतील तर शटर १/१००० पासून एक सेकंदाकडे त्याच दिशेने हळू होत गेले पाहिजे. लख्ख उन्हात १०० आयएसओला (फिल्मच्या संवेदनक्षमतेचे माप) १६ समोर १/१२५ जुळवले की ११ समोर २५०, ८ समोर ५००, ५.६ समोर १००० आपोआप येते. या दोन पट्ट्या उलट छापल्या की घोळ होतो. तिथे एक जोडी जुळवली की बाकीच्या सगळ्या चुकतात.

कडीच्या टिकटिकीचाही हिशेब आहे. डायव्हिंग घड्याळांच्या तयार कड्या ६० किंवा १२० टिकांच्या मिळतात. त्यात अर्धी पायरी १२०च्या कडीवर बसते, पण तृतीयांश पायरी, म्हणजे १० अंश, दोन्हींतल्या कुठल्याच टिकेवर येत नाही. ७२ दातांची कडी कापून घ्यावी : पूर्ण पायरीला सहा टिका, अर्धीला तीन, तृतीयांशाला दोन. कडी दोन्ही बाजूंना फिरली पाहिजे, म्हणून डायव्हिंगची एकतर्फी स्प्रिंग चालत नाही. लेन्समध्ये असते तशी स्प्रिंगवरची बारीक गोळी टाकावी. आकडे छापू नयेत, कोरून रंग भरावा. कडीवर बोट रोज फिरते, छापील आकडे फार टिकत नाहीत. काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची कडी उन्हाने जांभळी पडू शकते हेही ग्राहकाला आधी सांगितलेले बरे.

काचेबद्दल थोडक्यात. सफायरचा (कृत्रिम नीलमाच्या कठीण काचेचा) वक्रीभवनांक १.७७ आहे, त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून जवळपास ८ टक्के प्रकाश परततो. साध्या काचेचे हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. परत जाणारा प्रकाश कमी करणारा लेप आतल्या बाजूलाच द्यावा. बाहेरचा लेप लेन्ससारखा छान दिसतो, पण त्यावर ओरखडे उठतात, आणि सफायर घेण्याचा उद्देशच जातो. काच फक्त बाहेरून फुगीर केली तर ती स्वतःच लेन्स होते आणि कडेचे आकडे वाकडे दिसतात. आतूनही तितकाच वळसा हवा.

डार्करूमसाठी (फिल्म आणि फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीसाठी) घड्याळ म्हणून विकणाऱ्यांनी काट्यांवर चमकणारा रंग लावू नये. फिल्म रिळावर गुंडाळताना पूर्ण अंधार लागतो आणि उजेडात भारलेला तो हिरवट रंग फिल्मवर धुके उमटवू शकतो. टँकचे (फिल्म धुण्याच्या बंद डब्याचे) झाकण लागल्यावर दिवा लावताच येतो, तेव्हा त्या रंगाची गरजही नसते. फोटोचा कागद धुताना लाल दिवा असतो. त्यात पांढऱ्या तबकडीवरचा लाल काटा दिसेनासा होतो, काळ्या तबकडीवर मात्र तो उजळ दिसतो. म्हणून तबकडी काळी. फिल्म धुताना टँक अधूनमधून हलवावा लागतो, त्यासाठी तबकडीवर दर मिनिटाच्या पहिल्या १० सेकंदांचा पट्टा पुरतो. कोडॅकची पद्धत वापरणाऱ्यांसाठी ० ते ५ आणि ३० ते ३५. शून्यावर येणारा सेकंद इथे उपयोगी वाटतो, पण त्यासाठी घड्याळ थांबवावे लागत असेल तर दर फिल्ममागे वेळ मागे पडत जाते. आत फिरणारी साधी कडी स्वस्तात तेच काम करते.

विक्रीपूर्वी निदान तीन नमुने पूर्ण बांधावेत. टाइमग्राफवर (घड्याळाची अचूकता मोजणाऱ्या यंत्रावर) सहा स्थितींत मोजावे, एकदा पूर्ण चावीवर आणि एकदा चोवीस तासांनी. पडदा उघडा आणि मिटलेला, दोन्ही वेळा आकडा तोच आला पाहिजे. बदलला तर पडदा कुठेतरी मशीनला टेकतो आहे. बटण पाच हजार वेळा दाबून पाहावे आणि पाण्याची चाचणी त्यानंतर करावी, आधी नव्हे. धक्का सोसणाऱ्या घड्याळांच्या आयएसओ १४१३ या मानकात एक मीटरवरून कठीण लाकडावर पडल्याइतका धक्का धरलेला आहे. तो धक्का दिल्यावर वेळ मोजण्याआधी पडदा तपासा.

आणि दुरुस्तीचा विचार नकाशावरच व्हावा. तबकडीखालच्या पडद्याला हात लावायचा तर प्रत्येक वेळी काटे काढावे लागतात आणि काही वेळा काढघाल झाली की काट्यांची भोके सैल होतात. एसडब्ल्यू २००साठी ती तास, मिनिट, सेकंद या क्रमाने १.५०, ०.९० आणि ०.२५ मिमीची असतात. प्रत्येक घड्याळामागे काट्यांचा एक जादा संच आणि दोन जादा पाकळ्या बनवून ठेवाव्यात. पाकळ्यांचा साचा मोडीत काढल्यावर त्या पुन्हा कुणी कापून देत नाही.

आपले,
यांत्रिक घड्याळे व कॅमेरे यांचे काम करणारे काही कारागीर, पुणे