आई-बाबांना पत्र: पंखवाल्या कणसाचं गाव

डीकॅल्ब, इलिनॉय

ती. आई आणि ती. बाबा यांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "तू राहतेस त्या गावात आहे तरी काय?" फोनवर ते सांगून संपलं नसतं, म्हणून निवांत बसून लिहितेय. चिऊला सावकाश वाचून दाखवायला सांगा. आई, तूही भाकऱ्या उरकून ऐकायला बस, कारण यात तुझ्या कामाचंही आहे.

आधी एक करा. आतल्या खोलीत बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या घडी करून ठेवता, त्यांतली मक्याची काढा. तिच्यावर पिवळं कणीस आहे बघा, पंख लावलेलं. ते पंखवालं कणीस या गावचं आहे, आणि पिशवीवर इंग्रजीत छापलंय ते याच गावाचं नाव. तुम्ही इतकी वर्षं भोकरदनच्या दुकानातून जे नाव घरी आणत होतात, त्या गावात आता तुमची मुलगी राहते. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रस्त्यात उभं राहून तुम्हाला फोन लावावासा वाटला होता, पण तुमच्याकडे मध्यरात्र होती.

गाव शिकागोच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर. वस्ती ४०,०००च्या आसपास, म्हणजे भोकरदनपेक्षा मोठं आणि जालन्यापेक्षा कितीतरी लहान. बाजारपेठेच्या मधून रेल्वे जाते. लांबलचक मालगाडी आली की फाटक पडतं आणि सगळे गाड्यांमध्ये मुकाट बसून राहतात. गावाबाहेर पडलं की नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. एका वर्षी मका, दुसऱ्या वर्षी सोयाबीन, असा फेरपालट. टेकडी नाही, डोंगर तर नाहीच.

माती काळीच, बाबा, पण आपल्यासारखी नाही. आपली काळी खडकातून झालेली, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथली काळी झाली ती गवतामुळे. हजारो वर्षं इथं पुरुषभर उंचीचं गवत होतं, त्याची मुळं खोल जाऊन कुजत राहिली आणि जमीन काळी झाली. मी ढेकूळ हातात घेऊन फोडलं, तर ते दाण्यादाण्यांनी सुटलं. अडचण पाण्याची होती, पण आपल्या उलट. पाणी हटत नसे, दलदल असे. म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी शेताखालून भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि जादाचं पाणी ओढ्यांकडे काढून दिलं. वरून काही दिसत नाही, पण या सगळ्या सुबत्तेखाली तो नळ्यांचा पसारा आहे. आपण पाणी अडवायला बांध घालतो आणि इथं पाणी घालवायला एवढा खटाटोप, हे पाहून मला पहिल्या वर्षी फार अस्वस्थ वाटायचं.

आता तारेची गोष्ट. रोही आणि रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून तुम्ही वरच्या वावराला काटेरी तार ओढली आहे ना, तीही इथलीच. गवताळ मुलखात झाडं कमी, दगड नाहीत. कुंपण करायचं कशाचं, हा इथल्या शेतकऱ्यापुढचा मोठा प्रश्न होता. साधी तार गुरं अंगानं रेटून पाडायची. १८७३ साली इथल्या जत्रेत हेन्री रोझ नावाच्या शेतकऱ्यानं लाकडाच्या पट्टीला टोकं ठोकून केलेलं कुंपण मांडलं. ते पाहायला या गावचे तिघे थांबले: जोसेफ ग्लिडन हा शेतकरी, आयझॅक एलवुड हा लोखंडी सामानाचा दुकानदार आणि जेकब हायश हा लाकडाचा व्यापारी. तिघांच्याही डोक्यात एकच आलं, की लाकूड कशाला, काटे तारेलाच बसवू.

ग्लिडन तेव्हा ६० वर्षांचा होता. सांगतात, की त्यानं घरातलं कॉफी दळायचं हाताचं यंत्र घेतलं आणि त्यावर तारेचे तुकडे वळवून काटे केले. पण काटा तारेवरून सरकायचा. मग त्यानं दुसरी तार घेऊन पहिलीला पीळ दिला आणि काटा दोन तारांच्या पिळात पकडला. सगळी अक्कल त्या पिळात आहे. सांजच्याला वावरात गेलात की एकदा जवळून बघा, तुमच्या तारेतही काटा त्याच पिळात धरलेला सापडेल. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळालं. एलवुडनं अर्धा हक्क २६५ डॉलरला घेतला. १८७६ साली ग्लिडननं उरलेला अर्धा हक्क एका मोठ्या कंपनीला विकला तो ६०,००० डॉलरला, वर विक्रीवर हिस्सा. हायश मात्र भांडत राहिला. त्याचंही पेटंट होतं, कारखाना होता. पेटंटचे दावे वर्षानुवर्षं चालले आणि १८९२ साली वरच्या कोर्टानं ग्लिडनच्या बाजूनं निकाल दिला, तोवर पेटंटची मुदतच संपून गेली होती. बांधाच्या भांडणात दोन पिढ्या तालुक्याला खेटे घालतात हे आपण पाहिलंय, तेव्हा तुम्हाला यात नवल वाटणार नाही.

नवल पुढं आहे. सरकार उत्तर इलिनॉयमध्ये शिक्षक घडवणारं कॉलेज काढणार असं १८९५ साली ठरलं, तेव्हा ते आपल्याच गावात यावं म्हणून हे वैरी एका बाजूला आले. ग्लिडननं आपली जमीन दिली, एलवुडनं वजन खर्ची घातलं, हायशनं ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी पैसे दिले. १८९९ साली कॉलेज उघडलं. आज ते मोठं विद्यापीठ आहे आणि माझी नोकरी तिथंच. पहिली इमारत दगडी किल्ल्यासारखी आहे, अजून वापरात. गावचं सार्वजनिक वाचनालयही हायशनं मागं ठेवलेल्या पैशातून १९३१ साली झालं. मी शनिवारी तिथं जाऊन बसते. ग्लिडनचं घर आणि विटांचा गोठा जपून ठेवलाय, एलवुडच्या वाड्याचं संग्रहालय केलंय. तारेचे कारखाने मात्र केव्हाच बंद पडले.

पण बाबा, मला या गावातली सगळ्यात आवडली ती गोष्ट तारेची नाही. ती १९१२ सालची आहे. जमिनीचा कस उतरत चालला होता. मक्यावर मका घेऊन दुसरं काय होणार? तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी आणि बँकवाल्यांनी मिळून वर्गणी काढली, जिल्ह्याची माती सुधार संघटना उभी केली आणि स्वतःच्या पैशानं एक जाणकार नोकरीला ठेवला. विल्यम एकहार्ट त्याचं नाव. तो शेतोशेती फिरायचा, माती तपासायचा, चुनखडीची भुकटी किती टाकायची ते सांगायचा (इथली माती आंबट, आपल्यात चुनखडी आधीच जास्त), आणि क्लोव्हर पेरायला लावायचा. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या जातीतलं, जमिनीला नत्र देणारं. मग अडलं ते बियाण्यावर. बाजारात मिळणारं बी चांगलं निघेना. तेव्हा त्यांनी खात्रीचं बी पुरवणारी आपली संस्था काढली. पंखवाल्या कणसाची कंपनी निघाली ती यातून. सरकारी माणूस येईल, मग बघू, असं म्हणत ते बसले नाहीत. खिशातून पैसे काढून त्यांनी ज्ञान विकत घेतलं, आणि ते एकट्यासाठी नाही, सगळ्या जिल्ह्यासाठी.

त्या संस्थेत टॉम रॉबर्ट्स आणि चार्ली गन या दोघांनी वर्षानुवर्षं गाजावाजा न करता मक्याचे संकर करून पाहिले. १९३०च्या दशकात त्यांचं संकरित बी बाजारात आलं. ती अवर्षणाची वर्षं होती. साधा मका जिथं वाळून गेला तिथं संकरित मका तगून राहिला, आणि शेजारच्याच्या वावरात डोळ्यांनी पाहिल्यावर कोणाला वेगळं पटवावं लागलं नाही.

आई, आता तुझ्या कामाचं. संकरित मक्याचं बी करायला शेतात नराची आणि मादीची तासं वेगळी लावतात आणि मादीच्या प्रत्येक ताटाचा तुरा वेळेत उपटावा लागतो. एक राहिला तरी बी बिघडतं. हे काम जुलैत येतं आणि पिढ्यान्‌पिढ्या इथली शाळकरी पोरं ते करत आली. माझ्या ऑफिसात एक बाई आहेत, आता निवृत्तीला आल्यात. त्या सांगत होत्या, की पहाटे दवानं मका इतका ओला असायचा की प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीला डोक्याची-हातांची भोकं पाडून ती अंगात घालायची. दुपारी तीच फेकून द्यावीशी वाटायची, आणि पानांच्या कडांनी हात चिरलेले. पहिली सायकल त्यांनी त्या पैशातून घेतली. मी त्यांना तुझं सांगितलं. देऊळगावराजाकडच्या सीड प्लॉटवर तू कपाशीचं क्रॉसिंग करायचीस, संध्याकाळी कळ्या सोलायच्या आणि सकाळी नराचं फूल फिरवायचं, बोटांची साल निघायची. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला माझं काम समजावून सांगावं लागणार नाही."

आता कंपनी गावाची राहिलेली नाही. १९९८ साली मोन्सँटो या बड्या अमेरिकन बियाणे कंपनीनं ती घेतली, पुढं २०१८ साली मोन्सँटोच बायर या जर्मन कंपनीनं घेतली. नाव आणि पंख पिशवीवर राहिले, निर्णय दुसरीकडे गेले. मला याचं वाईट वाटतं. शेतकऱ्यांनी वर्गणीतून सुरू केलेली गोष्ट शेतकऱ्यांच्या हातून निसटली, आणि बियाण्याचा भाव ठरवताना तुम्हालाही कोणी विचारत नाही, इथल्या शेतकऱ्यालाही नाही. गावाच्या दक्षिणेला, जिथं मका होता, तिथं आता फेसबुकवाल्या कंपनीचं डेटा सेंटर उभं आहे. काहींना ते हवं होतं, कारण कर मिळतो. तसली काळी जमीन काँक्रीटखाली गेलेली पाहून माझा जीव मात्र हळहळतो.

आणखी एक सांगायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट अर्धी राहील. ही जमीन मुळात पोटावाटोमी या इथल्या आदिवासी लोकांची. त्यांचा शाबोना नावाचा प्रमुख होता, गोऱ्या वसाहतवाल्यांना त्यानं लढाईच्या काळात धोक्याची आगाऊ खबर दिली होती. १८२९च्या तहात सरकारनं त्याच्यासाठी १,२८० एकर राखून ठेवले. १८४९च्या सुमारास तो कॅन्ससला आपल्या लोकांकडे गेला असताना सरकारनं तीच जमीन लिलावात विकून टाकली. माणूस नातेवाइकांकडे गेलेला आणि मागं सातबाऱ्यावरून नाव गायब! त्याच्या लोकांनी पुढं त्यातली काही जमीन विकत घेतली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १३० एकरांवर त्यांचा हक्क मान्य केला. पावणेदोनशे वर्षं लागली. तारेची कौतुकं वाचताना मला ही कुंपणं कोणाच्या जमिनीवर पडली तेही आठवतं.

बाबा, एकहार्टची गोष्ट तुमच्या शेतकरी गटात नक्की सांगा. तुम्ही पंचवीस जण वर्गणी काढून एका शिकलेल्या पोराला वर्षभर ठेवू शकाल का, नुसतं माती, पाणी आणि बी बघायला? पहिल्या वर्षाचा माझा वाटा मी पाठवते. सुभाषकाकांना पटलं तर बाकीचे ऐकतील.

आणि येण्याचं मनावर घ्या. ऑगस्टअखेर इथं मक्याची जत्रा भरते, उकडलेली कणसं मिळतात, पण माझ्या मते तुम्ही सप्टेंबरच्या शेवटाला या, म्हणजे काढणी दिसेल. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं तुम्हाला कंबाइनमध्ये, म्हणजे काढणीच्या यंत्रात, शेजारी बसवून न्यायचं कबूल केलंय. तुम्ही आलात की एकरी काय किती टाकलं आणि किती दिवसांनी ते विचारणार, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, तो वही तयार ठेवणार आहे. त्याआधी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नका. पासपोर्टच्या फोटोसाठी जालन्याला जाल तेव्हा दोघांचंही शुगर तपासून या आणि आकडे चिऊकडून मला पाठवा.

तुमची,
मनीषा