तळमजल्यावरच्या काकूंना

ती. काकू, सा. न.

रोज जिन्यात भेटता, तरी हे तोंडाने सांगायला मला अजून जमलेलं नाही. बोलायला गेलं की रडूच येतं. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

एप्रिल 2021. आई दवाखान्यातून परत आलीच नाही. मी आणि बाबा दोघंही पॉझिटिव्ह. एरवी घरात कुणी गेलं की शेजारी पिठलं-भात घेऊन येतात, शेजारी बसून दोन घास खायला लावतात. आमच्याकडे कुणाला येताच येत नव्हतं. भूकही मेली होती. लोकांनी पाठवलेली फळं तशीच सुकत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दार उघडेपर्यंत तुम्ही जिना उतरला होतात. उंबऱ्याशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा डबा. आंबेमोहोराचा गुरगुट्या भात, वर तूप, आणि कागदाच्या पुडीत मेतकूट. बाबांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "अगं, हे तर तिचं आहे."

आईकडूनच घेतलं होतंत ना प्रमाण? हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. मेथ्या मोजून आणि सुंठ सढळ हाताने. माझा वास गेला होता, सगळं कागदासारखं लागायचं. पण ती सुंठ जिभेला चुरचुरली. मी वाटीभर भात संपवला. त्या भाताला चावावंसुद्धा लागत नाही, काकू, आणि तेव्हा मला तेवढंच झेपत होतं.

पुढे दहा दिवस डबा येत राहिला. "जेवलीस का?" असा एकदाही फोन नाही, रिकामा डबा दाराबाहेर दिसला की तुम्हाला कळायचं. तुमच्याही घरी तेव्हा काका आजारी होते, हे मला फार उशिरा समजलं.

आजही फार वाईट दिवस गेला की मी तोच भात लावते. वाटीभर तांदळाला सहा वाट्या पाणी, मीठ, हिंग.

तुमचा एक डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून राहिला. या आठवड्यात मी पहिल्यांदा मेतकूट दळून आणलंय. रविवारी भरून आणते. सुंठ बरोबर पडलीय का, ते तुम्हीच सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची