बाक घ्यायच्या आधी एवढं वाचा साहेब

प्रति,
अध्यक्ष साहेब,
आपली सोसायटी, गावभाग, सांगली

विषय: बागेत बसायला बाक घेण्याबाबत

नमस्कार साहेब,

मीटिंगला येता आलं नाही पण ग्रुपवर टाकलेली कोटेशन बघितली. लोखंडी बाक सगळ्यात स्वस्त म्हणून बहुतेकांचा कल तिकडं दिसतोय, माझं मत मात्र पाठ असलेला सिमेंटचा बाक घ्यावा असं आहे.

कारण एकच, आपण गावभागात राहतो. 2019 च्या महापुरात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, 2021 ला परत तेच. पुराचं पाणी नुसतं येत नाही, गाळ घेऊन येतं, तो लोखंडी बाकाच्या पोकळ पाईपात शिरला की बाहेरनं कितीही पावडर कोटिंग असू दे आतनं गंज सुरू, आणि वेल्डिंगच्या जोडावर पहिला दिसतो. लाकूड फुगणार. फायबरचा बाक बोल्ट मारून पक्का केला नाही तर थेट हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर शोधायला जावं लागेल. सिमेंटचा जागचा हलत नाही, पाणी ओसरलं की पाईप मारून धुतला की झालं. स्टीलचं म्हणाल तर 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील चांगलंच, पण महाग, आणि 304 सांगून 202 हा हलका ग्रेड देणारे आहेत, चुंबक लावून पण कळत नाही कारण दोन्हीला फारसं चिकटत नाही.

आता सिमेंटचे सगळेच बाक चांगले असतात असंही नाही हं. आतली सळी कडेला अगदी वर आलेली असली की ती गंजून फुगते आणि कोपरे उडतात, त्यामुळं कडा नीट बघून घ्यायच्या. बैठकीला थोडा उतार पाहिजे, नाहीतर पावसाळाभर तळं. उंची 18 इंचाच्या आसपास आणि दोन्ही बाजूला हात टेकायला काहीतरी हवंच, आपल्याकडं गुडघेदुखीवाले किती आहेत बघा, खाली बसतील पण उठवायला माणूस लागेल.

आणि बाक नुसता मातीवर ठेवू नका. आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, वर्षभरात बाक एका अंगाला कलतो. माती काढून मुरूम भरून, ठोकून, वर पीसीसी (सळी न घालता साधं काँक्रीट) करून घ्या, हा खर्च कोटेशनमध्ये कुणीच धरलेला नाही तेवढं विचारा. जागा कडुलिंबाच्या झाडाखालचीच ठेवा, एप्रिल-मे मध्ये उन्हातल्या सिमेंटवर संध्याकाळी सातला पण बसवत नाही.

पैसे कमी पडत असतील तर चारऐवजी दोनच घ्या. कुणाला आईवडिलांच्या स्मरणार्थ द्यायचा असेल तर पाठीवर नाव टाकायला माझी हरकत नाही, फक्त अक्षरं बाकापेक्षा मोठी नकोत.

ऑर्डर द्यायच्या आधी माल बघायला जाणार असाल तर मला फोन करा, रविवारी मोकळा आहे, टेप घेऊन येतो.

आपला,
बी विंग, तळमजला